एकोणतीस फेकी

बोरजाईवाडी, ता. माण
१५ सप्टेंबर २०२५

दादा,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात वळेना, म्हणून नुसतं दादा. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. रजिस्टर पोस्ट बंद झालं म्हणे, स्पीड पोस्टानं पाठवते. निदान पोस्टमनच्या यंत्रावर तरी सही करशील.

शुक्रवारी आपल्या शाळेच्या मैदानावर जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं, तरी लिहिते. तू ते स्वतःला कसं सांगतोस कोण जाणे.

खेळ डिस्क गोल्फचा. मैदानात साखळ्या लावलेल्या नऊ टोपल्या उभ्या आहेत. फक्कीच्या रेघेवरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत गेली की किती फेकी लागल्या ते मोजायचं. नऊ टोपल्यांची बेरीज करायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. पाचवीतल्या पोरांना हे एका तासात समजलं. संस्थेच्या अध्यक्षाला, म्हणजे तुला, समजलं नाही.

चार शाखांच्या अकरा मुली खेळल्या. आपल्या आठवीतल्या राणीला एकोणतीस फेकी लागल्या. दुसरीला छत्तीस. आणि अकराव्या नंबरावर तुझी राजनंदिनी, चोपन्न. पोरीनं आदल्या दिवशी पहिल्यांदा चकती हातात धरली होती, मजेत खेळली. तिच्यावर माझा राग नाही. भाची आहे माझी आणि गुणाची आहे.

प्रमुख पाहुणे जयराजसाहेब अकराला येणार होते, ते दीडला आले. त्यांना पुढे कारखान्यावर मीटिंग. तू घाईघाईनं तक्ता घेतलास, सगळ्यांत मोठा आकडा शोधलास आणि चिठ्ठीवर त्याच्यापुढचं नाव लिहिलंस. नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या, साहेबांच्या हस्ते कप दिला गेला. राजनंदिनी कप घेऊन तुझ्याकडे बघत राहिली ते मी पाहिलंय.

तेवढ्यात राणी उभी राहिली. नाथाजी मेंढपाळाची पोर, तेरा वर्षांची, एवढे लोक समोर. पण घाबरली नाही. म्हणाली, “आवं सर, ज्याच्या फेकी कमी त्यो जिकतो. माज्या एकुणतीसच हाईत.” साहेब माइकवर हसले. “कमी पडली तरी नंबर पायजे व्हय बाळा?” अख्खा मंडप हसला. पोरीला खाली बसवण्यात आलं.

आता खरी गोष्ट. तुझ्याच सहीच्या परिपत्रकात लिहिलंय की विजेत्या मुलीला संस्थेच्या सांगलीच्या वसतिगृहात बारावीपर्यंत जागा, राहणं-जेवण संस्थेकडून. राजनंदिनीचं घर त्या वसतिगृहापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. ती तिथे काय दुपारी झोपायला जाणार? आणि राणीच्या घरची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाळव्याकडे उतरतात. इतकी वर्षं तिची आजी दगडाबाई तिला घेऊन गावात राहायची. यंदा राणीची आई बाळंत व्हायची आहे, म्हणून म्हातारीही कळपाबरोबर चालली. घराला कुलूप लागणार. वसतिगृह मिळालं नाही तर राणीची शाळा संपली.

वसतिगृहाची यादी ३१ ऑक्टोबरला बंद होते. दुरुस्त निकाल सोबत जोडलाय. खाली अध्यक्षाच्या सहीची रेघ मोकळी आहे. सही कर आणि पाठव, विषय मिटला.

अंजना


बोरजाईवाडी
२७ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, संस्थेच्या लेटरहेडवर ऑफिसातल्या विश्वजीतनं टाइप केलेली एक ओळ. ‘मा. अध्यक्षांनी जाहीर केलेला निकाल अंतिम राहील.’ खाली तुझा शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पाठवलास. आबा असते तर त्याच शिक्क्यानं तुझ्या पाठीत घातली असती.

वहिनीचा मात्र फोन आला. ती बिचारी मध्ये सापडलीय. म्हणाली, “अंजना, साहेबांच्या हातचा कप माघारी घ्यायचा म्हंजे त्यांच्या तोंडावर मारल्यागत हुतंय. ह्यांचं लय अडकलंय त्यांच्यात.” म्हणजे तुला कळलंय. चूक झाली हे तुला ठाऊक आहे आणि तरी तू गप्प आहेस. मला आधी वाटलं होतं, तुला खेळ समजला नाही, समजावून सांगू. आता समजावायलाही काही उरलं नाही.

मान! आपल्या भागात माणसं भूक काढतील पण मान सोडणार नाहीत. पहिला नारळ कुणाचा यावरून दोन भावकींचं वीस वर्षं बोलणं बंद. पण दादा, त्याच मानाची एक रीत तूच मला शिकवलीस. आपल्या चुलत बहिणीच्या, सोनमच्या लग्नात फेटेवाल्यानं चुकून भलत्याच पाहुण्याला मानाचा फेटा बांधला होता, आठवतं? तो फेटा कुणी उतरवला नाही. बांधलेला फेटा उतरवत नाहीत म्हणालास, आणि खऱ्या मानकऱ्यासाठी पळत जाऊन दुसरा आणलास. दोघंही फेट्यात जेवले. मग आताही दुसरा फेटा आण की! कप राहू दे राजनंदिनीकडे, शोकेसमध्ये ठेवा, साहेबांचा फोटो लावा शेजारी. मला फक्त कागदावर राणीचं नाव पाहिजे. एवढंही तुला जड जातंय?

आणि मैदान कुणाचं म्हणून तू भाषण ठोकलंस? ‘संस्थेच्या दूरदृष्टीतून साकारलेलं.’ हा खेळ शिकवायला आलेल्या पुण्याच्या मंडळींनी वीस चकत्या आणि एक नमुन्याची टोपली दिली. उरलेल्या आठ मी गावातल्या वेल्डरकडून करून घेतल्या, सायकलच्या रिमा आणि बैलाच्या साखळ्या जोडून. कुसळं गुडघाभर वाढली होती. संस्थेकडे गवत काढायला माणूस मागितला तर ‘प्रस्ताव सादर करा.’ शेवटी नाथाजीनं तीन दिवस आपली मेंढरं मैदानात सोडली. चारी कोपरे असे साफ झाले की पोरांना अनवाणी पळता आलं. तो माणूस समारंभाला मंडपाच्या बाहेर उभा होता. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि मग त्याच्या पोरीला हसणारा सगळा गाव त्यानं बाहेरून ऐकला.

राणी कशी फेकते ते तू पाहिलंच नाहीस, तू तेव्हा साहेबांच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर होतास. माळावर पवनचक्क्या फिरवणारा वारा, भल्याभल्यांच्या चकत्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळल्या. ही आधी चिमूटभर माती उडवून बघायची आणि वाऱ्याच्या पोटात अशी तिरपी घालायची की चकती वळून साखळीत. सहाव्या टोपलीला एका फेकीत घातली. मी बावीस वर्षं मुलांना खेळ शिकवतेय, दादा. असा हात मला दुसरा दिसलेला नाही.

कोऱ्या रेघेचा दुसरा कागद पाठवते आहे.

अंजना


बोरजाईवाडी
११ ऑक्टोबर २०२५

दादा,

दसऱ्याला सोनं द्यायला आला नाहीस. मीही आले नाही. फिटंफाट.

काल नाथाजीच्या वस्तीवर गेले होते. राणी आठ दिवस शाळेत नाही. मैदानावरही येत नाही. दगडाबाई अंगणात पटकुरं बांधत बसली होती. मला बघून उठली नाही. बस म्हणालीही नाही, आणि ज्या घरात पाणी विचारल्याशिवाय कुणाला परत जाऊ देत नाहीत त्या घरात मला पाणी मिळालं नाही. मी आपली उभीच.

मी म्हटलं, “मावशी, मी प्रयत्न करतेय. अध्यक्षांना दोन पत्रं लिहिली.”

“ल्ह्या की,” म्हातारी म्हणाली. “तुमचा भाव हाय त्यो. तुमी ल्ह्या, त्यो वाचंल. आमची पोर कुणाला पत्र ल्ह्यायची?”

“निकाल चुकला, मावशी. मला माहिती आहे.”

“आवं बाई, तुमाला तवाबी म्हाईत हुतं.”

आता ऐक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, पोरीला खाली बसवण्यात आलं. कुणी बसवलं ते लिहिलं नाही. मी बसवलं. सूत्रसंचालन माझं होतं, माइक माझ्या हातात होता. तुझी चिठ्ठी आली तेव्हा नाव वाचून मला चूक दिसली, त्याच क्षणी दिसली, तक्ता मीच भरला होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळ्यांनी ‘वाच’ म्हणालास. आणि मी वाचलं, छान खणखणीत आवाजात, ‘प्रथम क्रमांक’ म्हणून. मनात म्हटलं, कार्यक्रम उरकू दे, पाहुणे जाऊ देत, मग निस्तरू. राणी उभी राहिली, लोक हसले, आणि मी माइकवर म्हणाले, “राणी, खाली बस. पाहुण्यांसमोर असं बोलायचं नसतं.” रोज त्याच पोरीला मी सांगत होते की या खेळात पंच नसतो, आपल्या फेकी आपण खऱ्या सांगायच्या. तिनं खऱ्या सांगितल्या.

हे तुला महिनाभर लिहिलं नाही, कारण सगळा राग तुझ्यावर काढणं सोपं जात होतं. राग अजून आहे. पण निम्मा आता माझ्याकडे ठेवून घेतलाय, म्हणून तुझ्या वाट्याचा कमी झाला असं समजू नकोस.

राणी आत होती. बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, “राणी, माझं चुकलं गं.”

ती म्हणाली, “बाई, हितं कोण हाय ऐकायला? आजी आन मेंढरं. मला माइकवर बसवलं न्हवं? मग तसंच माइकवर सांगा की.”

“सांगितलं तर शाळेत येशील?”

“त्ये मी न्हाई सांगत,” म्हणाली, आणि आत गेली.

तेव्हा हे आधीच कळवून ठेवते, नंतर पाठीमागून वार केला म्हणू नकोस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला शाळेत माजी विद्यार्थी मेळावा आहे. अध्यक्ष तू, पाहुणे पुन्हा जयराजसाहेब, आणि सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. मी माइकवर सांगणार आहे. त्याआधी सही आली तर तुझं नाव मध्ये येणार नाही, फक्त माझं येईल. भाऊबीजेला येणार असशील तर साडी आणू नकोस. तो कागद आण.

अंजना


बोरजाईवाडी
२५ ऑक्टोबर २०२५

दादा,

भाऊबीजेला ताट मांडून संध्याकाळपर्यंत बसले. तू आला नाहीस ते नाहीसच, ड्रायव्हरच्या हाती साडी पाठवलीस. ड्रायव्हरला ओवाळू का मी? साडी त्याच्याच हाती परत दिली, ती मिळाली असेल.

कालचा प्रकार तू अर्ध्यावर सोडून गेलास, म्हणून उरलेला कळवते.

मी बोलायला सुरुवात केली, ‘बारा सप्टेंबरच्या स्पर्धेचा निकाल चुकीचा जाहीर झाला’ एवढंच म्हटलं असेन, आणि तू मंडपवाल्याला खूण केलीस. माइक बंद. दादा, तू विसरलास का मी काय शिकवते? बावीस वर्षं मी तीनशे पोरांना माइकशिवाय ‘सावधान’ करतेय. मी माइक ठेवून दिला आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलले. म्हणाले, या खेळात कमी फेकी घेणारा जिंकतो. राणी नाथाजी एकोणतीस फेकींत जिंकली. निकाल चुकलाय हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि तरी मी नाव वाचलं. पोरगी खरं बोलत होती आणि मी तिला सगळ्यांसमोर खाली बसवलं. राणी, मी चुकले. उभी राहा.

तुझं नाव घेतलं नाही, हे लक्षात घे. तोंडाशी आलं होतं.

ती शेवटी, आजीशेजारी बसली होती. लगेच उठली नाही. मला वाटलं, उठतच नाही आता. मग उठली आणि सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. कुणी हसलं नाही.

एवढ्यात तुझ्याच खुर्चीमागून राजनंदिनी म्हणाली, “आत्या, माझ्या चोपन्न. त्यातल्या सहा टाकीवरच गेल्या.” तेव्हा लोक हसले, साहेबसुद्धा हसले. आणि तुला वाटत होतं की तो माणूस फाशी घेईल! ते मला म्हणाले, “बाई, मला आदीच सांगायचं की. म्या आपलं कुस्तीगत, जास्त त्यो जिकला, असं धरून चाललो.” तू तोवर गाडीत जाऊन बसला होतास. ज्याच्या मानासाठी तू एका पोरीची शाळा पणाला लावलीस, त्याला तो मान गेल्याचं कळलंही नाही. तो दोनदा जिलेबी घेऊन जेवून गेला.

राजनंदिनीनं कप आणला होता. राणीला देऊ लागली. राणी म्हणाली, “ऱ्हाऊ दे तुला. मला त्याचं काय करायचंय? मेंढरांस्नी पानी पाजू?” मग दोघी टोपल्यांकडे गेल्या आणि अंधार पडेपर्यंत खेळल्या. राजनंदिनी चोपन्नावरून एक्केचाळीसावर आली. बाप म्हणून तू एवढं तरी विचारायला हवं होतंस.

पण टाळ्यांनी वसतिगृहाचं दार उघडत नाही. वॉर्डन सोनिया मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, गावानं काय ऐकलं ते मला चालत नाही, अध्यक्षांच्या सहीचा निकाल लागतो. नाथाजी सोमवारी निघतो आहे. मी त्याला हात जोडून म्हटलं की चार दिवस पोर माझ्याकडे ठेव, शुक्रवारपर्यंत काही झालं नाही तर मी स्वतः वाळव्याला आणून सोडते. तो एवढंच म्हणाला, “ठिवतो. पर बाई, तिला आता पुन्हा खाली बस म्हणू नगा.”

कागद तिसऱ्यांदा पाठवते. यापुढे पाठवणार नाही.

अंजना


बोरजाईवाडी
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

शुक्रवारी दुपारी साडेचारला सोनिया मॅडमचा फोन आला. सही असलेला कागद वसतिगृहाच्या वॉचमनकडे देऊन कुणीतरी पांढऱ्या गाडीतून निघून गेलं म्हणे. तुझी गाडी पांढरी आहे. राणीचं नाव यादीत लागलं.

आनंदानं मी राणीला शेजारच्या अंगणातून ओढत आणलं आणि मॅडमना म्हटलं, कागदाचा फोटो पाठवा, पोरीला दाखवते. फोटो आला. सहीच्या वर तू स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवलीस. ‘क्रीडाशिक्षिकेच्या नजरचुकीमुळे मूळ निकालात चूक झाली असून ती दुरुस्त करण्यात येत आहे.’

माझी नजरचूक! तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना तर फोन फेकणारच होते. आणि काल संस्थेची कारणे दाखवा नोटीस आली. सदर नजरचुकीबद्दल आपणावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करावा. म्हणजे पोरीचं नाव लिहायला तुला माझं नाव पुसावं लागलं. सही करण्याइतकी लाज तुला वाटली, पण आपण चुकलो म्हणण्याइतकी नाही. मोठा बहाद्दर भाऊ मिळालाय मला!

शाळेत सगळे म्हणतात, लढा बाई. हेडमास्तर म्हणतात, तक्ता तुमच्या अक्षरात आहे, अध्यक्षांची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, दोन्ही जोडा, अध्यक्ष तोंडघशी पडतील. खरंय. पण मग वसतिगृहातला तो कागद पुन्हा वादात जाईल, चौकशी बसेल आणि राणी पुन्हा कळपामागे जाईल. हे तुला कळत होतं म्हणूनच तू ती ओळ लिहिलीस का? कळत नसेल तर मूर्ख आहेस, आणि कळत असेल तर त्याहून वाईट.

राणी आज सकाळी गेली. दहिवडीला जाऊन सांगलीची एसटी पकडायची होती. सोबत मी येणार होते, पण तिला पोचवायला दगडाबाई कळपाचा मुक्काम सोडून रात्रीच आली, म्हणाली, “मी न्हेती. मला बघू द्या त्ये वसतिगृह कसलं हाय.” पत्र्याची पेटी, एक चकती, नवे बूट. गाडी सुटताना राणी खिडकीतून म्हणाली, “बाई, थितं टोपल्या न्हाईत म्हणं. नऊ लागतील. त्या सरास्नी सांगा.” ते सर म्हणजे तू.

नोटिशीचा खुलासा आजच पाठवला आहे. तक्ता, चिठ्ठी काहीच जोडलेलं नाही. तुला ऑफिसातून कळेलच, तरी मीच सांगते. त्यात लिहिलंय: ‘फेकी मोजताना किंवा तक्ता भरताना माझ्याकडून कोणतीही नजरचूक झालेली नाही. इयत्ता आठवीची विद्यार्थिनी खरं बोलत असताना मी तिला सर्वांसमक्ष खाली बसवलं. ते नजरचुकीनं नव्हे, पूर्ण समजून केलं. त्याबद्दल संस्थेला योग्य वाटेल ती कारवाई मला मान्य आहे.’

खाली मी सही केली आहे.

अंजना